सांगली-मिरजेतल्या छोट्या स्वतंत्र मैफली आणि नवे मराठी अल्बम : शब्द कुठे हरवतात?

खर्ज_मिरज

स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतःच रेकॉर्ड करून मांडणारी मुलं-मुली आता आपल्याकडेही गाताहेत. सिनेमा नाही, कंपनी नाही. गिटार, कहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका), कधी बासरी आणि मिरज म्हटल्यावर मागे तंबोरा. शब्दांवर मेहनत दिसते, चालीही मनापासून केलेल्या असतात. पण मंगल कार्यालयाच्या हॉलमधून बाहेर पडताना कानात ठेका तेवढा उरतो. शब्द हॉल खाऊन टाकतो. म्हणून या धाग्यावर कोण चांगलं गातं याची चर्चा नको. काय ऐकू आलं, काय नाही, का नाही आणि त्यावर काय करता येतं, एवढंच लिहूया.

सुरुवात हॉलपासून. १० मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच असा हॉल धरा. आकारमान ३२० घनमीटर. भिंती, फरशी आणि स्लॅब मिळून ३०४ चौरस मीटर. गिलावा आणि टाइल्स मधल्या पट्टीतला आवाज शंभरात जेमतेम तीन भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण ९ चौरस मीटरच्या आसपास. आवाज विरायला किती वेळ लागतो, याचं सॅबिनचं सूत्र : ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले शोषण. उत्तर येतं साडेपाच सेकंदांच्या वर. एवढा वेळ पहिला शब्द हॉलमध्ये घुमत राहतो आणि तोवर गायक पुढच्या ओळीवर गेलेला असतो. दारं-खिडक्यांमुळे हा आकडा थोडा उतरतो, पण फार नाही.

आता ऐंशी माणसं सतरंजीवर बसवा. एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. ऐंशींचे ३६, आधीचे ९, मिळून ४५. वेळ थेट १.१ सेकंदावर येते. म्हणजे संध्याकाळी पाचला रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंडचेक आणि सातचा कार्यक्रम, हे दोन वेगळे हॉल असतात. शिवाय माणसं वरचा आणि मधला आवाज शोषतात, खर्जाचा फारसा नाही. त्यामुळे साउंडचेकला बेस कमी वाटला म्हणून बटण फिरवलं, की कार्यक्रमात सगळं बद्द होतं. रिकाम्या हॉलमध्ये बेस थोडा कमीच ठेवायचा.

सगळ्यात स्वस्त उपाय मंडपवाल्याकडे पडलेला असतो : कापसाच्या गाद्या. सहा बाय तीन फुटांच्या दहा गाद्या मागच्या भिंतीला उभ्या टेकवा. १३ च्या आसपास शोषण वाढतं, वेळ ०.९ सेकंदावर येते. त्याहून मोठा फायदा म्हणजे मागच्या भिंतीवरून स्टेजकडे परतणारा आवाज मरतो. १० मीटर जाऊन १० मीटर परत यायला ५८ मिलिसेकंद लागतात. हा परतलेला आवाज कानावर आला की गायक स्वतःलाच मागून ऐकतो आणि लय खाली ओढतो. ऐकणाऱ्याला वाटतं गायक कच्चा आहे. स्टेजवर उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून दुसरी टाळी ऐकू आली तर गाद्या हव्यातच. मंडपाचं झालरीचं कापड या कामाचं नाही. ते पातळ असतं, वरचा चमचमाट तेवढा खातं.

फेडर

खर्जदादा, हॉलचा हिशेब पटला. आता त्यात स्पीकर कुठे ठेवायचे ते.

दोन टॉप (स्टँडवरचे मुख्य स्पीकर) पुरतात. बेसचा डबा या मापाच्या हॉलमध्ये आणूच नका. टॉप माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या डोक्याच्या थोडे वर आणि तोंड तिसऱ्या-चौथ्या रांगेकडे झुकवलेलं. बहुतेक ठिकाणी स्टँड सरळ उभा करून टाकतात. मग आवाज डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीवर आपटतो आणि पुढे बसलेले लोक "जरा वाढवा" म्हणतात. वाढवलं की स्पीकर शिट्टी मारतो.

शिट्टीची कारणं नेहमीची आहेत.

माइक कसा धरलाय ते पाहा. जाळी मुठीत धरली की मागची भोकं बंद होतात आणि माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. तोंडापासून अंतर २० सेंटीमीटरवरून ५ वर आणलं तर १२ डेसिबल फुकट मिळतात. तेवढे मिक्सरवर वाढवायला गेलात तर शिट्टी ठरलेली.

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे आहे ते पाहा. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः पुढून ऐकणाऱ्या) माइकची बहिरी बाजू बरोबर मागे असते, तेव्हा मॉनिटर गायकाच्या समोर, माइकच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड माइक मागून थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा १२६ अंशांवर, म्हणजे मागे पण तिरकी. तिथे मॉनिटर समोरून काढून बाजूला कोनात ठेवावा लागतो. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, ही चूक फार दिसते.

आणि किती माइक उघडे आहेत? उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधीची जागा ३ डेसिबलनी घटते. चार उघडे माइक म्हणजे एका माइकपेक्षा ६ डेसिबल कमी. बासरीवाला तीन गाणी गप्प बसणार असेल तर त्याचा माइक म्यूट करा.

शिट्टी काढायची रीत : सगळे माइक जागेवर, मास्टर (एकूण आवाजाचं बटण) हळूहळू वर. पहिली शिट्टी आली की इक्वलायझरवर तो पट्टा अरुंद ठेवून ३ ते ६ डेसिबल खाली. पुन्हा वर, दुसरी शिट्टी, तसंच. तीन-चार पट्ट्यांवर थांबा. पुढे कापत गेलात तर गळा डब्यातून आल्यासारखा होतो. शेवटी मास्टर ६ डेसिबल खाली आणून सोडून द्या. "ऊऽऽ" असं घुमलं तर २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास शोधा, "टीऽऽ" आलं तर २ ते ४ हजारांत. गळ्याच्या चॅनलवर लो कट (त्याखालचा आवाज गाळणारं बटण) पुरुषी आवाजाला १०० हर्ट्झ, बायकांच्या आवाजाला १२० ते १५०.

आणि एको. कवितेच्या ओळी गाताना एको शून्य. हॉलचा आहे तोच पुष्कळ झाला.

सातारी_कंदी

कहोनला एकच माइक उरतो. मागच्या भोकाशी लावायचा की पुढे?

फेडर

ऐंशी माणसांत कहोनला माइकच नको. नुसत्या हातांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. लावायचाच असेल तर पुढून, वरच्या कोपऱ्यापासून २५-३० सेंटीमीटरवर. तिथे थापेची धार मिळते. मागच्या भोकाशी नुसता धुमधुमाट मिळतो, आणि तो हॉलमध्ये आधीच जास्त असतो.

गिटारचंही सांगून टाकतो. पिएझो पिकअप (गिटारमध्ये बसवलेला, कंप पकडणारा) असेल तर अॅक्टिव्ह डीआय, म्हणजे गिटार आणि मिक्सरमधला जोडणीचा डबा, घ्या. पिएझोला निदान १० लाख ओहमचा इनपुट लागतो. थेट मिक्सरच्या लाइनमध्ये पी-३८ (गिटारच्या वायरची जाड पिन) खुपसली की आवाज पत्र्यासारखा आणि पोकळ होतो. "गिटार स्वस्तातली वाटत होती" असं जे आपण म्हणतो, त्यात निम्म्या वेळा दोष या एका जोडणीचा असतो. गिटारच्या पोटातून १०० हर्ट्झच्या आसपास घुमणारा आवाज भोकावर रबरी झाकण बसवलं की जातो. जॅकची वायर ५-६ मीटरच्या आत ठेवा. पुढचं अंतर डीआयपासून कॅननच्या (तीन पिनांच्या) वायरने.

हम (विजेची सततची घुरघुर) येत असेल तर तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा असतो. मिक्सर आणि अॅम्प एकाच बोर्डावरून घ्या, लाइटचे डिमर दुसऱ्या बोर्डावर, आणि डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कापून हम घालवणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. गायकाचे ओठ माइकच्या जाळीला आणि हात गिटारच्या तारेला असतात. सुरुवातीलाच मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमन, मग साउंडचेक.

जवारी

आता माझा विषय, गिटार आणि तंबोरा एकत्र.

आपल्याकडच्या मैफलींचं खरं वेगळेपण इथे आहे. सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, मग तंबोरा मागे असणारच. पण तो नीट लागलेला असला की गिटार बेसूर वाटते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कारण असं :

तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार निघतो. तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३८६ सेंटवर (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). गिटारच्या पडद्यांवरचा गंधार ४०० सेंटवर. फरक १४ सेंटचा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३८.६ हर्ट्झ धरला तर तंबोऱ्याच्या त्या साची पाचवी पट ६९३ आणि गिटारच्या गंधाराची चौथी पट ६९८.५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच ठोके पडतात. थरथर ऐकू येते ती हीच. गायक बिचारा मध्ये सापडतो. कधी तंबोऱ्याचा गंधार घेतो, कधी गिटारचा.

पहिला मार्ग सोपा : गंधार असलेला कॉर्ड जिथे स्वर लांबवायचाय तिथे टाळा. सा-प किंवा सा-म-प एवढंच धरा. जलद लयीत गंधार चालतो, ठोके ऐकू यायला वेळच मिळत नाही.

दुसरा मार्ग मेहनतीचा, पण त्याची गोडी निराळी. गिटार डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी अशी लावा आणि सगळ्या तारा अर्धा स्वर खाली घ्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत काळी एकमध्ये सा-प-सा-ग-प-सा मिळतं. आता तिसरी तार, म्हणजे ग, ट्यूनरवर वजा १४ वर आणा. ट्यूनरपेक्षा कान बरा : तंबोरा छेडत ठेवा, तार उतरवत जा, थरथर मंदावत मंदावत थांबेल. तिथे सोडा. मोकळ्या तारा छेडल्या की गिटार तंबोऱ्यात विरघळते.

तंबोरा भाड्याने आणताना तुमचा सा कारागिराला सांगा. जवारी (घोडीला घासून दिलेला बाक) त्या पट्टीला आणि त्या जाडीच्या तारांना काढलेली असते. मर्दानी तंबोरा ओढून काळी चारला नेला तर तार तुटते, किंवा आवाज मुका होतो. घोडीवरचा दोरा केसभर सरकवत तार बोलते तिथे थांबायचं. मग कुणी हात लावायचा नाही.

माइक घोडीसमोर एक वीतभर किंवा थोडा जास्त. पातळी अशी की गाताना तंबोरा वेगळा जाणवू नये, पण थांबला की हॉल रिकामा वाटावा. खरा तंबोरा असताना फोनवरचा तंबोरा बंद. दोन-तीन सेंटचा फरकही डोलायला लागतो. हार्मोनियम असेल तर सगळ्यांनी तिच्याशी जुळवायचं. तिचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, आणि ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला असेलच असं नाही.

अजून एक. दिवे लागले की तबल्याची पुडी सुकून सूर चढतो आणि गिटारची पोलादी तार तापून सूर उतरतो. दोघं विरुद्ध दिशेला जातात. म्हणून शेवटचं जुळवणं दिवे लागल्यावर वीस मिनिटांनी.

अजिंक्यताऱ्याखाली

आमच्याकडे साताऱ्यात गच्चीवर कार्यक्रम ठेवायची आवड वाढतेय. तिथे हॉलचा त्रास नाही, पण आवाज टिकतही नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. एका मीटरवर ९४ असेल तर आठ मीटरवर ७६. म्हणून लोक दूर पसरून बसवू नका. अर्धवर्तुळात, सहा-सात मीटरच्या आत बसवा. कमी आवाजात शब्द न् शब्द ऐकू येतो.

कायदाही इथेच आडवा येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेला. गच्ची बंदिस्त नाही. राहत्या भागातली मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक कडकडतो, ती दमट हवा असते, माइक बिघडलेला नसतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि माइक आधी अर्धा तास खोलीत उघडा राहू द्या.

हेडफोन_विश्रामबाग

मैफलींवर बरंच आलं, अल्बमवर मी लिहितो. घरी रेकॉर्ड केलेले नवे मराठी अल्बम सलग ऐकताना त्याच त्या चार गोष्टी खटकतात. नावं घेत नाही, कारण दोष सगळीकडे सारखे आहेत आणि सगळे सुधारता येण्यासारखे आहेत.

सगळ्यात जास्त टोचतो तो डी-एसर, म्हणजे टोचणारा स दाबणारं सॉफ्टवेअर. त्याचे तयार प्रीसेट इंग्रजी गाण्यांसाठी बनवलेले असतात. आपल्या भाषेत स आणि श दोन्ही आहेत, वर 'चमचा'तला दंत्य च आणि 'चहा'तला तालव्य च वेगळे. ६ ते ८ हजार हर्ट्झवर जोरात डी-एसर लावला की 'सांज' बोबडी होते, 'थांज'च्या जवळ जाते, आणि दोन्ही च एकसारखे होतात. प्रत्येक ओळीवर सरसकट लावण्यापेक्षा टोचणारे स हाताने २-३ डेसिबल खाली करा. एका गाण्यात असे तीस-चाळीस निघतील. तासाभराचं काम आहे, आणि शब्द जिवंत राहतो. तसंच भ, घ, फ. यांचा श्वास माइकवर धडकतो. पॉप फिल्टर (श्वास अडवणारी जाळी) माइकपासून चार बोटं आणि माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला.

दुसरी खटक सूर-दुरुस्तीची. रीट्यून (सॉफ्टवेअरने सूर जागेवर ओढणं) वेगात ठेवला की मींड पायऱ्यांची होते. ओवीच्या किंवा अभंगाच्या वळणाच्या चालीत एका अक्षरावर तीन स्वर सरकतात, त्यांचे चौकोनी तुकडे पडतात. आणि दुरुस्ती गिटारच्या गंधाराला होते, जवारीने सांगितलेला तंबोऱ्याचा गंधार तिच्या लेखी चूक! ओळ पुन्हा गाऊन घ्या, हा उपाय जुना आहे आणि पुरेसा आहे.

तिसरी, आवाजाची पातळी. वजा ८ एलयूएफएसवर (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) ठासून भरलेला मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, स्पॉटिफाय आपणहून वजा १४ वर उतरवतं, अॅपल म्युझिक वजा १६ वर. म्हणजे ६-८ डेसिबल ओढून घेतले आणि चढउतार मात्र कायमचे गेले. शेजारी हलक्या हाताने केलेलं गाणं लागलं की तेच मोकळं वाटतं. वजा १४ ते वजा १२ ठेवा, खरं शिखर वजा १ च्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्ड करताना २४ बिट, शिखरं वजा १२ च्या आसपास.

चौथी, डग्गा आणि बेस. फोनच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही. डग्ग्याची घुमक तिथेच असते, म्हणून फोनवर तबला अर्धाच वाजतो. डग्ग्याची एक प्रत घेऊन हलकं सॅच्युरेशन द्या, म्हणजे वरच्या पटी तयार होतात आणि कान खालचा स्वर ओळखतो.

फेडर

तिसऱ्या मुद्द्यावर थोडं वेगळं मत. वजा १४ हा आकडा गाठायचाच असा हट्ट नको. ढोल-गिटारचं रांगडं गाणं वजा १० वर चांगलं बसतं, ते उतरवलं गेलं तरी त्याचा पोत तोच असतो. फक्त मग शिखर वजा २ ठेवा, कारण आवाज दाबून बारीक फाइल बनते तेव्हा शिखरं थोडी उसळतात. कविता गायलेल्या गाण्याला मात्र तुमचंच खरं.

खर्ज_मिरज

लांबीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पाच मिनिटांच्या गाण्यात सव्वा मिनिट नुसती गिटार, हे आता फार होतंय. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आपल्या मिरजेतल्या दर्ग्यात आहे. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात ते राग उभा करायचे. पहिला शब्द वीस सेकंदांच्या आत आला तर गाण्याचं काही बिघडत नाही.

सातारी_कंदी

जुन्या कवींच्या कविता चाल लावून घेतल्या तर परवानगी लागते का?

हेडफोन_विश्रामबाग

कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. तुकोबा-जनाबाई मोकळे. केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८) मोकळे. मर्ढेकर १९५६ ला गेले, तेव्हा १ जानेवारी २०१७ पासून मोकळे. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या पश्चात १९५२ ला छापल्या, तिथे मोजणी प्रकाशनापासून, त्याही मोकळ्या. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, त्यांच्यासाठी वारसांची लेखी परवानगी हवीच.

फसगत होते ती अभंगात. शब्द तुकोबांचे असले तरी आपल्या कानात बसलेली चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि तिचा हक्क वेगळा. "पारंपरिक" लिहून अपलोड केलं की गाणं खाली उतरवलं जातं. चाल स्वतःची करा, तेच स्वतंत्र गाणाऱ्याला शोभतं.

अजिंक्यताऱ्याखाली

जवारी, तुमच्या पद्धतीने तार लावून पाहिली. मोकळ्या तारा सुरेख लागतात. पण तिसऱ्या पडद्यावर प घेतला की उतरलेला वाटतो.

जवारी

वाटणारच. ती आख्खी तार १४ सेंट उतरलेली आहे, त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक दाबलेला स्वर तेवढाच उतरतो. तिथे प घेऊच नका, प दुसऱ्या तारेवर मोकळा आहे. मध्यम हवा असेल तर चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर. तिसरी तार फक्त मोकळी छेडायची, बोट लावायचं नाही. आणि तारा अर्धा स्वर उतरवल्यामुळे ढिल्या पडून पडद्यांवर खरखरत असतील तर १२ ऐवजी १३ चा, म्हणजे जाड तारांचा संच चढवा.